तिकोनी घडी

"हात लावू नका! आई आली की आईच काढेल."

शाळेच्या सिक रूमच्या दारातच तिला पिल्लूचा आवाज ऐकू आला आणि तिचा अर्धा जीव भांड्यात पडला. अर्धा अजून बाहेरच होता.

"तिसऱ्या फेरीला मैदानात कोसळली," पी.टी.च्या बाई म्हणाल्या. "श्वास लागला होता. आत काहीतरी आवळून बांधलंय हो. सोडायला गेलो तर अंगावर धावून आली. तुम्ही हॉस्पिटलात असता ना? तुम्हीच बघा."

बाई दार ओढून घेऊन गेल्या. कोणाचा तरी फुटलेला गुडघा अर्धवट सोडून ती तशीच, पांढऱ्या कपड्यांत, धावत आली होती. हाताला अजून औषधाचा वास होता. तिने पिल्लूचा शर्ट वर केला.

सहा इंची क्रेप बँडेज. छातीभोवती तीन वेढे, एकावर एक, करकचून. ना पिन, ना चिकटपट्टी. काखेखाली बँडेजचं टोक तिकोनी दुमडून आत खोचलं होतं.

तिचा हात तिथेच थांबला. ती घडी तिची होती.

बारा वर्षं ती ड्रेसिंग रूममध्ये होती. बाकीच्या सिस्टर चिकटपट्टी लावून मोकळ्या व्हायच्या, ही तिकोनी घडी फक्त तिची. "सिस्टरची पट्टी म्हणजे बँकेचं कुलूप," असं वॉर्डबॉय म्हणायचा. पिल्लू पाच वर्षांचं असताना बापाचा पाय मुरगळला होता. "मीच बांधणार" म्हणून ते हटून बसलं, तेव्हा तिनेच त्याचं इवलंसं बोट धरून ती घडी शिकवली होती. एका झटक्यात जमली होती. केवढं कौतुक केलं होतं तिने, शेजारीपाजारी सांगत फिरली होती.

"कधीपासून?"

"सुट्टी संपल्यापासून."

म्हणजे तीन महिने. कपाळाला हात न लावता ताप ओळखणारी ती. पिल्लू पोक काढून चालतं म्हणून तिने आधी दप्तर बदललं, मग गादी बदलली. बापाचे ढगळ शर्ट पळवतं म्हणून सगळे हसले. "माझे शर्ट माझ्यापेक्षा जास्त हिंडतात," असं बापाने जेवताना म्हटलं, तेव्हा तीही पोट धरून हसली होती.

ती एकेक वेढा सोडत गेली. बरगड्यांवर लाल वळ होते, डाव्या कुशीला कातडी सोलवटली होती. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तिने खडसावलं असतं.

"कुणी काही बोललं का तुला? कुणी काही केलं? मला सांग."

"कुणी काही नाही केलं गं." पिल्लू भिंतीकडे बघत म्हणालं. "मी मुलगी नाहीये, आई. कधीच नव्हतो. आंघोळ करताना मी डोळे मिटून घेतो. माहितीये तुला?"

तिला माहीत नव्हतं.

"हे दुखत नाही?"

"दुखतं ना. पण हे सोडलं की त्याहून जास्त दुखतं."

दुसऱ्या दिवशी ती आपल्याच हॉस्पिटलात दुसऱ्या मजल्यावर, मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्या मजल्यावर पेशंट पाठवणारी ती, पण आज बाकावर बसताना तिने ओळखपत्र पर्समध्ये टाकलं.

"मुलगा असणं हा आजार नाही, सिस्टर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अंग एक सांगतं आणि आतून दुसरंच उमगतं, त्या ओढाताणीचा त्रास मात्र खराखुरा आहे. नाटक नाही, खूळ नाही. बदलायला जाऊ नका, ऐकून घ्या. आणि क्रेप बँडेज अजिबात नको. श्वासागणिक ते बरगड्या आवळत जातं, तुम्हाला मी वेगळं काय सांगू? छाती सपाट दिसावी म्हणून मापाचे खास बनियन मिळतात, ते या विषयातले डॉक्टर तपासून सांगतील."

"कधी?"

"पाच आठवड्यांनी नंबर लागेल."

"तोपर्यंत मी काय करू?"

"सोबत राहा."

"सोबत आहेच हो! पण करू काय?"

बारा वर्षांत हजार माणसं तिला "सिस्टर, काहीतरी करा" म्हणाली होती. अशा वेळी आपण समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवतो, हे तिला डॉक्टरीणबाईंचा हात खांद्यावर आला तेव्हा आठवलं.

पिल्लू चार दिवस शाळेत गेलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी ते बापाचा चौकड्यांचा शर्ट हातात घेऊन तिच्यासमोर उभं राहिलं. दुसऱ्या हातात बँडेज होतं. धुतलेलं, वाळवलेलं, तिच्यासारखंच घट्ट गुंडाळलेलं.

"तू बांध. तू बांधलंस तर मी पडणार नाही."

"नाही रे राजा. घट्ट नाही बांधता येत ते."

"तू सगळ्यांना बांधतेस, आई."

तिने बँडेज घेतलं. पिल्लूने बनियन अंगात ठेवूनच दोन्ही हात वर केले, लहानपणी फ्रॉक घालून घ्यायला करायचं तसे. फ्रॉक घालतानाही ते डोळे मिटून घ्यायचं का? तिला आठवेना.

तिने एकच वेढा दिला. पट्टी बांधली की आत दोन बोटं गेली पाहिजेत, हे ती नव्या मुलींना शिकवायची. इथे तिचा अख्खा पंजा आत गेला. तरी तिने टोक दुमडलं आणि तिकोनी घडी खोचली.

पिल्लूने आरशात पाहिलं. आडवं वळून पाहिलं.

"ह्याचा काही उपयोग नाही."

"माहितीये."

मग पिल्लूने शर्ट चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली. "राहू दे," म्हणालं आणि दप्तर उचललं.

ती दारात उभी राहिली. पिल्लू पोक काढूनच जिना उतरत होतं. वळणावर शर्टाखालून बँडेजचं पांढरं टोक लोंबू लागलं. तिने हाक मारायला तोंड उघडलं, पण त्याआधीच ते थांबलं, शर्टाखाली हात घालून टोक चाचपलं, न बघता तिकोनी दुमडून आत खोचलं आणि खाली उतरून गेलं.