बद्द वाजणारे ब्रॅकेट

बाईंनी चष्मा पुसला आणि सूक्ष्मदर्शकात पुन्हा डोळा लावला. दिसायला हवे होते गोल काळे ठिपके. दिसत होत्या त्या अळीसारख्या वाकड्यातिकड्या रेघा.

फाउंड्रीच्या प्रयोगशाळेत चोवीस वर्षं काढलेल्या बाईंना याचा अर्थ कोणी सांगायला नको होता. वितळलेल्या बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, मॅग्नेशियम घातलं की कार्बन गोळ्यांच्या रूपात थिजतो आणि बीड चिवट होतं. पण मॅग्नेशियमला दम नाही. ओतायला दहा-पंधरा मिनिटं जास्त लागली की ते उडून जातं, गोळ्यांच्या रेघा होतात आणि माल साध्या बिडासारखा काटकन तुटतो. आणि आज ओतलेले ब्रॅकेट लिफ्टला बसायचे होते.

त्या भट्टीकडे गेल्या. भट्टीवाला म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. सगळी फाउंड्री त्याला दादा म्हणायची, सख्खी बहीण मात्र ही एकच. आजचा घाणा वितळवायला परत घाला, असं त्यांनी सांगितलं. दादाने हुज्जत घातली नाही. क्रेन अडकली होती, रसाने भरलेली लॅडल वीस मिनिटं तशीच लटकत राहिली, पंधरवडा झाला तक्रार करतोय, कुणी ढुंकून बघत नाही, एवढंच तो म्हणाला. बाई वळल्या, तेव्हा त्याने हाक मारली, तीही घरातल्या नावाने.

"चिमे, मागच्या मंगळवारी पण अडकली होती."

"मंगळवारचा नमुना मी तपासलाय. चांगला होता."

"नमुना मी आधीच ओतून ठेवला होता."

बाई तिथल्याच एका पेटीवर बसल्या. नमुना ओतायचा तो लॅडलमधल्या शेवटच्या रसाचा, हा नियम दादानेच त्यांना शिकवला होता. रागवावं असं वाटत होतं, पण अंगात त्राण नव्हतं. रोज किती माल वाया गेला, याचा जाब देऊन कंटाळलो होतो, असं दादा सांगत राहिला. त्यांनी अर्धवटच ऐकलं. मंगळवारचे तीनशे बारा ब्रॅकेट गावाबाहेरच्या लिफ्टच्या कारखान्यात कधीच पोचले होते.

बाईंनी फोन केला, शिव्या खाल्ल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं त्या कारखान्याच्या गोदामात हजर झाले. नशीब एवढंच, की एकही ब्रॅकेट अजून बसवला नव्हता. दादाने आढ्याला दोरी बांधली. ब्रॅकेट टांगायचा, हातोडीने टोला द्यायचा. चिवट बीड घंटेसारखं वाजतं, साधं बीड बद्द. टोला दादाचा, कान बाईंचे, कारण चाळीस वर्षांच्या घणघणाटाने दादाचे कान कामातून गेले होते. प्रत्येक टोल्यानंतर तो बहिणीच्या तोंडाकडे बघायचा. ती मान हलवायची, डावीकडे नाहीतर उजवीकडे.

दुपारपर्यंत बाईंचं डोकं बधिर झालं. दोनशेनंतर सगळेच आवाज सारखे वाटायला लागले, तेव्हा त्या बाहेर जाऊन पंधरा मिनिटं भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या. परत आल्या तर दादा हातोडी मांडीवर घेऊन तसाच बसलेला. हाताला फोड आले होते. दुसरं कोणी टोले मारेल, असं बाईंनी सुचवलं. त्याने ऐकलं नाही, की ऐकू आलं नाही, कळायला मार्ग नव्हता.

संध्याकाळी एकोणीस ब्रॅकेट बाजूला निघाले. एकाबद्दल बाईंचं मन घेईना. तोही त्यांनी त्यातच टाकला.

परतताना टेम्पोत दादाने विचारलं, "अहवालात काय लिहिणार?"

"झालं ते."

"लिही. मला आता भट्टीपाशी उभं राहवतही नाही." आणि तो खिडकीला डोकं टेकून झोपी गेला.

अहवाल गेल्यावर दादाला भट्टीवरून काढून साच्यांच्या वाळूवर बसवलं. क्रेन दुरुस्त व्हायला आणखी नऊ दिवस गेले. नमुना घ्यायचं काम प्रयोगशाळेकडे आलं, म्हणजे बाईंकडेच. तेव्हापासून प्रत्येक घाण्याला त्या गुडघे धरत ओतण्याच्या माचाचा लोखंडी जिना चढतात. खाली वाळू चाळता चाळता दादा वर बघतो, पुन्हा चाळणी हलवतो. जेवणाच्या सुट्टीत दोघं एकाच बाकावर बसतात. फारसं बोलणं होत नाही. एकदा त्यानेच विचारलं होतं, गुडघ्याला काय लावतेस. काही नाही, असं ती म्हणाली, तर दुसऱ्या दिवशी त्याने तेलाची बाटली आणून बाकावर ठेवली.