एक लांब, दोन आखूड

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा कर्णा आहे आणि आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. हसा खुशाल! आवाज माझा डोंगर हलवणारा, पण काळीज चिमणीएवढं.

एका तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं. पहिल्या ठोक्यापासून मी घाबरतोय. वेल्ह्याच्या डोंगरातल्या एका गावात माझं काम मात्र सोपं होतं. रोज दिवस कलला की गावचा गुराखी सोनबा मला फुंकायचा. एक लांब, दोन आखूड. ती हाक ऐकली की पांगलेली गुरं आपल्या पायवाटेनं आपसूक घरी यायची. लोक म्हणायचे, "कर्णा लई गुणाचा हाय." मी फुगून जायचो.

मग एका वर्षी गावं लुटत फौज येतेय अशी बातमी आली. घोड्यांना गावाकडं यायची वाट एकच, अरुंद खिंडीतून. गावात शिपाई कुठले? शेतकरीच कोयते आणि गोफणी घेऊन खिंडीच्या माथ्यावर बसले. कडेला धोंडे रचले. ठरलं असं, की मी एकदा सलग ओरडलो की धोंडे लोटायचे. म्हणजे सगळं माझ्यावर!

दुपारी फौजेची घोडी दिसली. संपता संपेनात! आणि त्यांच्या पुढं, खिंडीच्या तोंडाशी, सोनबाची आई अंबूबाई! बाकी सगळं गाव रानात लपलं होतं, पण म्हातारी मागं राहिलेली गाभण म्हैस आणायला गेली होती. कानानं ती ठार बहिरी. म्हशीचं दावं धरून आपली सावकाश चालली होती.

"फुंक, सोनबा!" शेजारचा भिमा म्हणाला. "फौज वर आली तर रानातली पोरंबाळं न्हाई वाचायची."

"खाली माजी आय हाय रं."

सोनबानं मला ओठांना लावलं. मला वाटलं, आत्ताच्या आत्ता फुटून जावं, पण ओरडायची पाळी नको.

आणि सोनबानं फुंकलं. एक लांब, दोन आखूड.

"आरं येड्या, ही गुरांची हाक!" भिमा म्हणाला.

पण म्हशीनं कान टवकारले. ती वळली आणि खिंड सोडून गुरांच्या बारक्या पायवाटेनं तडक वर निघाली, मागं दाव्यासकट अंबूबाई. फौजेला वाटलं, असेल कुणी गुराखी. शिपाई खिंडीत शिरले. म्हातारी झाडीआड झाली, तेव्हा सोनबानं मला सलग फुंकलं.

पुढचं मला सांगवत नाही. धोंडे गडगडले. माणसं ओरडली, घोडी ओरडली. फौज माघारी फिरली, पण खालून आलेल्या गोळीनं भिमा गेला. मी सोनबाच्या हातातून सटकून खडकावर आपटलो, तो पोचा अजून आहे. गावानं मला हळदकुंकू लावलं. मी मात्र थरथरतच होतो.

आता मी देवळातल्या खुंटीवर असतो. गावात एसटी येते. माझ्या तोंडात गांधीलमाश्यांनी घर केलंय. जत्रेला कुणीतरी मोबाईलवर फोटो काढतं आणि म्हणतं, "लढाईची हाक वाजवा की!" ती कुणालाच येत नाही. खरं सांगू? मला बरं वाटतं.

परवा म्हाताऱ्या भामाबाईंनी मला पदरानं पुसलं आणि म्हणाल्या, "आमच्या सासऱ्यास्नी गुरांची हाक यायची. आता कुणालाबी येत न्हाई." तेव्हा मात्र मी खिंडीत घाबरलो नव्हतो इतका घाबरलो.

म्हणून हात जोडतो, मित्रांनो. मला घासूनपुसून ठेवा. लढाईची हाक विसरलात तरी चालेल. एक लांब, दोन आखूड, एवढं मात्र शिकून घ्या. खाली कुणाची तरी आई असते.