लसीच्या दिवशीचा काढा

लाखनीपासून आठ किलोमीटरवर रत्नमालाताईंची दोन शेड आहेत, एकेकात सहाशे ब्रॉयलर. पिल्लं, खाद्य आणि लस कंपनीची, राबणं ताईंचं. आमच्या संशोधन प्रकल्पासाठी त्या पहिल्या शेडच्या पाण्यात रोज गुळवेल, हळद आणि शेवग्याच्या पाल्याचा काढा मिसळत. दुसऱ्यात नाही. लस दिलेल्या कोंबड्यांची प्रतिकारशक्ती काढ्याने आणखी वाढते का, हे मला पाहायचं होतं.

तिसाव्या दिवशी मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, आली; लस त्याचीच होती. पहिल्या शेडमध्ये चार दिवसांत दोनशे चौदा कोंबड्या मेल्या. दुसऱ्यात अकरा.

मी पोचले तेव्हा ताई मेलेल्या कोंबड्यांच्या खड्ड्यावर चुना टाकून नुकत्याच आल्या होत्या. कंपनीचा सुपरवायझर अंकुश खाटेवर बसून फॉर्म भरत होता. कारणाच्या रकान्यात त्याने ‘शेतकऱ्याचा निष्काळजीपणा’ असं लिहिलं होतं. त्याखाली सही झाली की ताईंना पुढची पिल्लं मिळणार नव्हती.

“एकविसाव्या दिवशी लस कशी दिली, ताई?” मी विचारलं.

“दोन तास तहानलेल्या ठेवल्या. मंग पाण्यात दूध पावडर, लस, अन् इकडच्या शेडात काढा.”

“लसीच्या पाण्यातच?”

“तुमीच तं सांगतलं ना मॅडम, एक दिवस बी चुकवू नोका म्हून. मले वाटलं, दोनी औषधंच हायेत.”

“वहिनी तं डाक्टरच होऊन राहिल्या,” अंकुश म्हणाला.

ताई नखांतला चुना काढत राहिल्या.

त्या लसीत जिवंत विषाणू असतो. पाण्यात दुसरं औषध असेल तर तो मरू शकतो, म्हणून लसीच्या आदल्या दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्यातली औषधं बंद ठेवतात. मला हे माहीत होतं. मी सांगितलं नव्हतं. काढ्यानेच लस निकामी झाली हे ठरवायला रक्ताची तपासणी लागेल. पण दोन शेडमध्ये फरक तेवढाच होता. इतकी स्वच्छ तुलना मला प्रयोगशाळेतही क्वचित मिळाली होती.

मी फॉर्म मागून घेतला. त्याचे शब्द खोडून ‘काढा लसीच्या पाण्यात गेला, सूचना अपुरी होती, ती माझी’ असं लिहिलं आणि सही केली.

“तुमची नोकरी जाईन ना,” अंकुश म्हणाला. मग कागदाची घडी करत, “वर पाठवतो. पिल्लं द्याची का नाही, ते लोकं ठरवतीन.”

ताईंनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “दिघोरीच्या कलाबाईले बी तुमी काढा द्याले असंच सांगतलं का जी? तिच्याकडं उद्या लस हाये.”

मी तिथेच उभ्याने फोन लावला.

“कलाबाई, आज आणि उद्या काढा देऊ नका. परवाही नको.”

“काहून? मी तं चुलीवर गंजभर शिजवून ठेवला.”

“फेकून द्या. माझ्या सांगण्यात चूक झाली. इथे दोनशे चौदा कोंबड्या मेल्यात.”

तिने आकडा पुन्हा विचारला, आणि मी पुन्हा सांगितला.