दंडावरची बोटं

लीलाबाईंच्या उजव्या दंडावर बोटं उमटलेली समताला पहिल्यांदा दिसली ती त्यांचे केस विंचरताना. चार निळसर डाग, सुटे सुटे, आणि आतल्या बाजूला अंगठ्याचा एक. कुणीतरी घट्ट धरून ठेवावं तसे.

"आई, हे काय झालं?"

"कुठं?" लीलाबाईंनी मान वळवून पाहिलं. "दुखत तर नाही बाई."

दिल्लीतल्या मयूर विहारच्या त्या फ्लॅटमध्ये तिघंच राहायची. धम्मपाल केंद्र सरकारच्या नोकरीत, त्याची बायको समता कॉलेजात शिकवायची आणि लीलाबाई नागपूरच्या शाळेतली नोकरी संपवून मुलाकडे आलेल्या. त्यांच्या हृदयाची झडप बदलली होती. रक्त पातळ ठेवणारी गोळी त्या न चुकता घ्यायच्या. गुडघ्यांमुळे एकटीनं उठवत नसे, म्हणून समता त्यांच्याच खोलीत झोपायची.

आठवडाभरात डाव्या दंडावर बोटं आली. मग मनगटावर. जुनी हिरवट होईपर्यंत नवी निळी उमटायची.

"रात्री आईला काही होतं का गं?" धम्मपालनं चहा पिताना विचारलं. बोलताना तो समताच्या हातांकडे बघत होता.

"काही नाही. शांत झोपतात."

"अच्छा," तो म्हणाला.

वरच्या मजल्यावरच्या सुनीतीताईंनी ते डाग पाहिले आणि आवाज खाली आणला. "तुमच्या आधी इथं एक म्हातारी एकटीच राहायची. गेल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं. तुम्ही घराची शांत केली होती ना?"

लीलाबाई हसल्या. "आम्ही असलं मानत नाही हो. मेलेल्या माणसाला कुठली आलीत बोटं?"

पण सुनीतीताई गेल्यावर त्यांनी खोलीतला दिवा लावून ठेवायला सांगितलं. बाहेर लख्ख ऊन होतं.

एका दुपारी त्या झोपल्या असताना समतानं आपला पंजा त्यांच्या दंडावर, अगदी न टेकवता, धरून पाहिला. बोटं डागांवर बरोबर बसली. लहानपणी मोडून वाकडी जुळलेली तिची करंगळीसुद्धा. दंडावरचा शेवटचा डाग तसाच वाकडा होता.

समतानं हात चटका बसल्यासारखा मागं घेतला. आपण झोपेत उठतो की काय? उठून काय करतो?

"आजपासून मी हॉलमध्ये झोपते," ती धम्मपालला म्हणाली. "तू आईजवळ झोप."

"हो, बरं होईल ते." फार पटकन म्हणाला तो.

सकाळी ती नेहमीसारखी आईंना उठवून बाथरूमपर्यंत घेऊन गेली. अंगावर नवा डाग एकही नव्हता. दुपारी कॉलेजातून आली, तर दंडावर ताजी बोटं. करंगळी वाकडीच. घरात तेव्हा लीलाबाई एकट्या होत्या. दाराला बाहेरून कुलूप होतं.

कुणाला सांगावं, काय सांगावं, हे तिला कळेना. दुसऱ्या दिवशी दात घासताना लीलाबाईंच्या हिरड्यांतून रक्त सुरू झालं आणि थांबेचना. बेसिन लाल झालं. दोघांनी त्यांना तसंच गाडीत घातलं.

हॉस्पिटलात डॉक्टर मीनाक्षींनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. रक्त हवं त्याच्या कितीतरी पट पातळ झालं होतं.

"माताजी, गोली के अलावा और क्या लेती हैं?"

"कुछ नहीं."

"जडी-बूटी, काढा, कुछ भी?"

"वो तो दवाई नहीं है," लीलाबाई म्हणाल्या आणि पर्समधून हिरवी डबी काढली. गुडघ्यांसाठीच्या कॅप्सूल. हळदीचा अर्क, गुग्गुळ, आणखी बरंच काही. सरोजिनी नगरच्या बाजारातून मागवलेल्या. मग त्या समताकडे वळल्या. "झाडपालाच आहे ना गं? लपवलं थोडंच. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही."

भाजीतली हळद वेगळी, डॉक्टर म्हणाल्या, हा अर्क त्या गोळीचं काम वाढवून ठेवतो. अशा रक्ताला साधा दाबही पुरतो, आणि डाग काही तासांनी दिसतो.

"सुबह इनको बाँह पकड़कर कौन उठाता है?"

"मैं," समता म्हणाली.

"तो ये आपके ही हाथ के निशान हैं."

धम्मपाल ती रक्ताची गोळीच बंद करायला निघाला होता. डॉक्टरांनी त्याला थांबवलं. मनानं बंद केली तर झडपेवर गुठळी होईल. कॅप्सूल बंद झाल्या, गोळीचा डोस त्यांनी स्वतः ठरवला आणि लीलाबाईंना ठेवून घेतलं.

बाहेर बाकावर धम्मपाल तिच्या शेजारी येऊन बसला.

"समता, मला वाटलं होतं की..."

"मलाही तेच वाटलं होतं," ती म्हणाली.

लीलाबाई बऱ्या होऊन घरी आल्या. दंड स्वच्छ झाले. आता साधा काढासुद्धा त्या डॉक्टरांना फोन केल्याशिवाय घेत नाहीत. पण समता त्यानंतर कितीतरी दिवस दोन्ही हात उशीखाली दाबून झोपायची.