पान दोनशे बारा

इंगेलाने जाडजूड नियमपुस्तकावर तळहात दाबून धरला, ते टेबलावरून कुणी उचलू नये म्हणून. चारशे पानांचं ते पुस्तक घेऊन ही चौघं सहा वर्षं दर शनिवारी दुपारी जुन्या दूध-डेअरीच्या वरच्या खोलीत खेळायला बसत. आज योनासने, तिच्या नवऱ्याने, त्या पुस्तकाशेजारी आठ पानांची पातळ पुस्तिका आणून टाकली होती.

"आठ पानं बास झाली," तो म्हणाला. "बाकीचं बोलून ठरवायचं. ज्याचं म्हणणं पटेल, त्याच्या मनासारखं होईल."

"मला चालेल बुवा." निवृत्त पोस्टमन अर्विदच्या तोंडात डिसेंबरात करतात तो केशर घातलेला गोड पाव होता. "त्या ठोकळ्यात शिंक आली तर काय करायचं तेही दिलंय. मागच्या शनिवारी मी खेळात विहिरीत पडलो, तर नियम शोधून पाण्याला लागेपर्यंत माझी दोन कप कॉफी झाली!"

हिल्लेवी हसली. खेळ ती चालवायची. गोष्ट तिने सांगायची, बाकीच्यांनी आपापली पात्रं होऊन त्या गोष्टीत वागायचं. तीस वर्षं शाळेत गणित शिकवल्यामुळे गप्प बसलेल्या माणसाकडे तिचं आधी लक्ष जाई.

"इंगेला, तुला का नको गं?"

"लिहिलेलं असलं की ते उद्या बदलत नाही," इंगेला म्हणाली, आणि लगेच जीभ चावली.

योनासने तिच्या मनगटावर हात ठेवला. "हिला सगळं लिहून लागतं. घरीसुद्धा हाच ताप." तो हसत होता, पण बोटं आवळत गेली. हिल्लेवीने ते पाहिलं.

घरी काहीच लिहिलेलं नव्हतं. धुवायचा राहिलेला चमचा सोमवारी चालून जायचा आणि मंगळवारी त्याच चमच्यावरून ताटं फुटायची. गेल्या जानेवारीत ती गालिचा झटकायला बाल्कनीत गेली, तेव्हा मागून दार लागलं. पायात नुसते मोजे आणि हवा उणे चौदा. पाऊण तासाने योनासने दार उघडलं, "विसरलोच की गं" म्हणाला आणि तिला चहा करून दिला. तिचं काय चुकलं होतं ते तिला अजून कळलेलं नव्हतं. तेव्हापासून ती बाल्कनीत जाताना दारात खुर्ची अडकवून ठेवायची.

"एक तास पातळ नियमांनी खेळून बघू," हिल्लेवी म्हणाली. "नाही जमलं तर हे आहेच."

इंगेला झाली धातूच्या घंटा ओतणाऱ्या कारागिराची विधवा आणि योनास किल्लेदार. विधवेने किल्ल्यावर निरोप पोचवला, कॉफीचा दुसरा कप झाला, खिडकीबाहेर अंधारून आलं.

"मी आता निघते," इंगेला म्हणाली. "खाली गावात जाते."

"नाही जात ती. बाहेर बर्फ आहे. तिच्याच भल्यासाठी किल्लेदार दाराला कुलूप घालतो." योनास मागे रेलला. "किल्ली माझ्याकडे."

"पटण्यासारखं आहे," अर्विद हसत म्हणाला. मग त्याने इंगेलाच्या तोंडाकडे पाहिलं आणि हातातला पाव खाली ठेवला.

खेळ आहे हा, नुसता खेळ, असं इंगेला स्वतःला बजावत होती. पटेल असं काहीतरी बोलायचं होतं, आणि लग्नाच्या सात वर्षांत तिचं एकही म्हणणं या माणसाला पटलं नव्हतं.

"बोल ना," योनास म्हणाला. "पटव मला."

हिल्लेवीने इंगेलाच्या हाताखालचं जाड पुस्तक ओढून घेतलं. चष्मा लावला, पानं उलटली आणि मध्येच थांबली.

"पान दोनशे बारा. दार. बाहेर पडणाऱ्याला फासा टाकावा लागत नाही. कारण सांगावं लागत नाही. सोबत हवी असेल, तर टेबलाशी बसलेलं कुणीही उठून बरोबर जाऊ शकतं."

इंगेलाला ते पुस्तक पाठ होतं. दोनशे बाराव्या पानावर घोड्यांच्या चाऱ्याचा तक्ता होता. हिल्लेवीने वाचलेला नियम चारशे पानांत कुठेच नव्हता.

"असलं काही त्यात नाही," योनास म्हणाला. "दाखव बघू."

हिल्लेवीने पुस्तक मिटलं, पण दिलं नाही. तिने इंगेलाकडे पाहिलं. मग योनासनेही मान वळवली.

"तुला तर पाठ आहे. आहे का असा नियम?" त्याने अगदी हळू विचारलं. हा हळू आवाज ती घरून ओळखत होती.

"आहे," ती म्हणाली. "खालून तिसरी ओळ."

मग ती उठली. "मी निघते."

"खाली बस, इंगेला."

"फासा लागत नाही," ती म्हणाली.

दाराशी सगळ्यांचे बूट ओळीने काढून ठेवलेले होते. बोटं ऐकेनात, तेव्हा तिने नाड्या तशाच सोडल्या. हिल्लेवी पुस्तक काखेत मारून दोघींचे कोट घेऊन आली. योनास ताडकन उठला. अर्विदने आपली खुर्ची सरकवून वाट अडवली आणि पाय पसरून तिच्यात बसला.

"तुझी पाळी आहे, योनास," तो म्हणाला. थट्टा कुठल्या कुठे गेली होती. "बस. दोघं खेळू."

जिन्यात इंगेला दर पायरीला मागे वळून बघत होती. गाडीत बसल्यावर हिल्लेवीने दारं आतून बंद केली. त्या खटक्यासरशी इंगेला दचकली आणि तिचा हात दाराच्या मुठीवर गेला. हिल्लेवीने तिच्या बाजूचं दार मोकळं करून दिलं.

"माझ्याकडची मागची खोली रिकामीच आहे," ती म्हणाली. "तुला हवं तितके दिवस."

"दोनशे बाराव्या पानावर घोड्यांचा चारा आहे," इंगेला म्हणाली.

"माहितेय मला." हिल्लेवीने पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं आणि कोटाच्या खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला. "चाऱ्याखाली जागा आहे थोडी. लिहून टाक."

वर खिडकीत योनास उभा होता. इंगेलाने मान खाली घातली, पान काढलं आणि 'दार' असं लिहिलं.