मेहुण्याच्या व्हिनेगरची तपासणी

पाणी शुद्धीकरण केंद्राची प्रयोगशाळा तो सांभाळायचा. एका थेंबावरून कुणाशीही हुज्जत घालायचा, म्हणून कामावर त्याला थेंबराव म्हणत. हे नाव त्याला मनातून आवडायचं. त्यावरूनच माणूस ओळखावा.

एका रविवारी बायको किटलीतला पांढरा थर घासता घासता म्हणाली, "या व्हिनेगरमध्ये काही दम नाही." म्हणाली आणि विसरली. थेंबराव कसला विसरतोय! व्हिनेगर तिच्या भावाच्या दुकानातलं होतं, आणि मेहुण्याला एकदा तरी कोंडीत पकडायचं ही त्याची जुनी हौस होती.

सोमवारी संध्याकाळी तो नाक ओढतच घरी आला. सर्दीने बेजार होता, पण काखेत ब्युरेट, म्हणजे थेंब मोजायची तोटीची काचनळी, होती आणि पिशवीत ठरावीक तीव्रतेचं कॉस्टिक सोड्याचं द्रावण. बायको भाजी आणायला गेली होती. सासरे पेपर वाचत होते. त्यांना त्याने बळेच ओट्याशी उभं केलं.

"बघा हं, मामा. या बाटलीतलं व्हिनेगर मोजून चंबूत घेतलं. त्यात हा दर्शक. आता वरून अल्कली सोडायचा. आम्ल संपलं की रंग गुलाबी. किती अल्कली लागला त्यावरून आम्ल किती, ते कळतं. व्हिनेगर खरं असेल तर बराच वेळ लागेल."

त्याने तोटी जेमतेम फिरवली. पहिल्याच थेंबाला चंबू गुलाबी झाला.

"झालं?" सासऱ्यांनी विचारलं.

"झालं! यात आम्लच नाही! निव्वळ पाणी विकतोय!"

"म्हणजे माझा पोरगा चोर?"

"मी नाही म्हणत, मामा. आकडे म्हणतात."

आणि आकड्यांच्या वतीने तो बाटली घेऊन तडक दुकानात गेला. गिऱ्हाइकांसमोर त्याने आम्ल, अल्कली आणि सचोटी या तिन्ही विषयांवर भाषण ठोकलं. मेहुण्याने शांतपणे बाटलीचं बूच काढलं, वास घेतला आणि दोन घोट पिऊन टाकले.

"पाणीच आहे, भाऊजी." मग त्याने बहिणीला फोन लावला, आवाज मोठा केला आणि घरातल्या व्हिनेगरच्या बाटलीत काय भरलंय ते विचारलं.

"अरे, ती होय? ती मी सकाळीच धुऊन झाडांसाठी भरून ठेवली. व्हिनेगर सगळं किटलीत ओतलंय. थर छान सुटला की! का रे?"

गिऱ्हाइकं हसली. थेंबरावच्या कानाच्या पाळ्या चंबूपेक्षा गडद झाल्या. साधा वास घेतला असता तर! पण नाक बंद होतं, आणि अक्कल तर त्याच्याही आधीपासून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मेहुण्याने नवी बाटली पुढे केली. "आता हीसुद्धा तपासा. मलाही कळू दे."

नाही म्हणायला तोंड कुठे उरलं होतं? घरी येऊन त्याने तीन वेळा मोजलं. बायको शेजारी भाजी निवडत बसली होती. या वेळी ब्युरेट बरीच रिकामी झाली, तेव्हा कुठे फिकट गुलाबी छटा आली. लेबलावर पाच टक्के होते. भरले पाचाहून किंचित जास्तच.

त्याने मेहुण्याला फोन केला. "चुकलो रे. तुझा माल चोख आहे. लेबलापेक्षा थोडा कडकच."

"मग पाटी लावू का, भाऊजींनी तपासलेलं म्हणून?"

"लाव," थेंबराव म्हणाला. "पण कुठली बाटली तपासली, ते मात्र लिहू नकोस."

पलीकडे मेहुणा हसला, आणि फोन ठेवण्याआधी उद्या जेवायला या म्हणाला.