शनिवारचं परमिट

माझ्या नवऱ्याला आकड्यांचं वेड आहे आणि मला त्या वेडाचा वैताग आहे, हे आधीच सांगून टाकते. नागपूरहून निघाल्यापासून हे दर दहा मिनिटांनी बॅटरीचे टक्के मोठ्याने वाचत होते. "नीला, एकाहत्तर." "नीला, अडुसष्ट." अहो, मला कशाला सांगताय? मी काय तिकडे बटाटे तोलायला बसलेय?

मी मागच्या सीटवर होते. नाकात नळी आणि पायाशी ऑक्सिजनचं मशीन. कोविडने माझी फुप्फुसं निम्मी खाल्ली तेव्हापासून हे मशीन घरघरत माझ्याजवळ असतं. ते विजेवर चालतं, म्हणून चार वर्षं मी संगमनेरच्या बाहेर पाऊल टाकलं नव्हतं. मग ह्यांनी ही इलेक्ट्रिक गाडी घेतली. तिच्यात घरातल्यासारखा तीन पिनांचा सॉकेट आहे. मशीनची पिन त्यात खोचायची आणि कुठेही हिंडायचं. मैत्रेयीचं, म्हणजे आमच्या लेकीचं, नागपूरचं घर मी त्यामुळेच पहिल्यांदा पाहिलं. तिच्या गॅलरीत बसून तीन दिवस चहा प्यायले आणि फार सुखात होते, खोटं कशाला बोलू?

त्या सॉकेटची एकच खोड होती. बॅटरी वीस टक्क्यांवर आली की तो आपोआप बंद पडायचा. गाडी पुढेही चालायची, पण सॉकेट मेलेला. इतर लोक शून्याला घाबरतात, मी विसाला घाबरत होते. डॉक्टरांनी जोडीला ठेवा म्हणून सांगितलेला छोटा सिलेंडर घरीच राहिला होता. राहिला म्हणजे ह्यांनी ठेवला. "एवढ्या उन्हात गाडीत सिलेंडर नको. अगं, ही गाडी म्हणजेच वीजघर आहे!" असं म्हणाले होते.

समृद्धी महामार्गावर रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना काही नाही, आणि समोरून वारा. बेचाळीस डिग्री. वाटेत एकदा चार्ज केली होती, तरी संभाजीनगर मागे पडल्यावर टक्के भराभर उतरायला लागले आणि हे वाचायचे बंद झाले. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. बडबड्या माणूस गप्प झाला की समजून जावं.

"किती?" मी विचारलं.

"चौतीस. काळजी करू नकोस. कोपरगावला उतरलो की चार्जर आहे. पाऊण तासात फुल्ल."

चार्जर होता. त्याचा पडदा काळाठिक्कर होता. शेडमध्ये खुर्ची टाकून बसलेला रखवालदार उठलासुद्धा नाही. "लाइट न्हाई साहेब. आज शनिवार न्हाई का? पाचला येती."

ह्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. सांगते का ते. हे एकतीस वर्षं सबस्टेशनवर ऑपरेटर होते. शनिवारी देखभालीसाठी लाइट बंद ठेवायची, हे काम ह्यांनीच आयुष्यभर स्वतःच्या हाताने केलं. आख्ख्या तालुक्याच्या शिव्या खाल्ल्या. आणि रिटायर होऊन दोन वर्षं झाली नाहीत तर हा माणूस शनिवार विसरला!

"थांबूया इथे," हे म्हणाले. "नुसतं मशीन चालवायचं म्हटलं तर चौतीस टक्के रात्रीपर्यंत पुरतील."

आणि इथे चूक माझी, तीही सांगायला हवी. मला उकडत होतं, पाय सुजले होते, नळीने नाक सोललं होतं. "पाच तास ह्या पत्र्याखाली? मी मरेन इथे. घर चाळीस किलोमीटरवर आहे, घरी चला." हे हिशेब करत राहिले तशी मी जोरात ओरडले, "चला म्हणते ना!" हे निघाले.

तळेगावच्या रस्त्याला काम चालू होतं, म्हणून वळण दिलेलं होतं. वळणावर आणखी एक वळण. एसी बंद केला, काचा खाली केल्या, धूळ आत आली. सव्वीस, चोवीस. कांद्याच्या रानांमधून जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर डाव्या चाकाखाली काहीतरी कडकन वाजलं आणि गाडी एका बाजूला बसली. टायर कडेने बोटभर फाटलं होतं. ह्या गाडीला स्टेपनी नसते, फक्त हवा भरायचा डबा असतो. फाटलेल्या टायरमध्ये हवा भरून काय होणार?

"किती आहे?"

"एकवीस."

"वीसवर यायला किती वेळ?"

"अर्धा तास. कदाचित कमी." ह्यांनी रुग्णवाहिकेला फोन लावला. तिकडची मुलगी भली होती, पण तिने सांगितलं, तास तरी लागेल.

मशीनशिवाय माझं काय होतं हे मला ठाऊक आहे. पहिली दोन मिनिटं काही वाटत नाही. मग छातीवर कुणीतरी बसतं. मग ओठ निळे पडतात. एकदा घरी बाथरूममध्ये नळी निघाली होती तेव्हा मी दाराची कडीसुद्धा काढू शकले नव्हते.

समोरच कांद्याची चाळ आणि तिच्यामागे पत्र्याचं घर होतं. तिथून एक बाई पदर खोचत आली. माझ्याच वयाची, काटक. तिने मला पाहिलं, नळी पाहिली, आणि फार काही विचारलं नाही. "गाडी ढकला सावलीला," म्हणाली. दोघांनी गाडी ढकलत लिंबाखाली आणली. ती राहीबाई. तिची सून मोनिका तांब्याभर पाणी घेऊन आली.

"घरात लाइट आहे का हो?" ह्यांनी विचारलं.

"कुठली लाइट? सकाळधरनं न्हाई. माझं पोरगंच खांबावर चढलंय की! वायरमन हाय कानिफ. तिकडं पाटाकडंला, दोन किलोमीटर आसंल."

"इन्व्हर्टर?"

"आमच्याकडं न्हाई. सरपंचाचा जनरेटर हाय, त्यो लग्नाला गेलाय."

हे घामाने निथळत होते. मग ह्यांचा चेहरा उजळला. "सबस्टेशनला अमृत असेल. माझा पोऱ्या." हाताखाली शिकवलेल्या प्रत्येकाला हे पोऱ्याच म्हणतात, अमृतला दोन मुलं आहेत. फोन लावून ह्यांनी तो माझ्या सीटवर ठेवला, स्पीकर चालू करून. राहीबाई माझ्याजवळ दारात बसली होती. ती माझी पाठ चोळत होती आणि मी तिचं मनगट धरलं होतं.

"नमस्कार साहेब! आज कशी आठवण काढली?"

ह्यांनी दोन वाक्यांत सगळं सांगितलं. अमृत हळू आवाजात म्हणाला, "साहेब, फीडर टाकू का? बटणाचंच काम हाय. लाइट आली की काकूंचं मशीन लगीच चालू व्हईल."

"परमिट कुणाच्या नावावर आहे?"

"कानिफनाथच्या. पर एक वाजून गेलाय. पोरं जेवायला उतरली असत्याल, बहुतेक. कानिफला फोन लावला, उचलत न्हाई."

परमिट म्हणजे काय ते मी एकतीस वर्षं ह्यांच्या तोंडून ऐकलंय. माणूस खांबावर चढायच्या आधी त्याच्या नावाने कागद निघतो. तो माणूस स्वतः खाली उतरून, स्वतःच्या तोंडाने "मी उतरलो" म्हणत नाही तोवर त्या बटणाला कुणी शिवायचं नाही. कलेक्टर आला तरी नाही.

"वर चढताना त्यो मोबाईल खाली डब्याच्या पिशवीत ठिवतो," राहीबाई म्हणाली. कुणाला उद्देशून म्हणाली कुणास ठाऊक. माझ्या पाठीवरचा तिचा हात थांबला होता.

"साहेब, तुमी नुसतं टाक म्हना," अमृत म्हणाला. "टाकतो मी."

गाडीचा पडदा मला दिसत होता. एकवीस. हे माझ्याकडे बघत होते, आणि देवाशपथ सांगते, त्या वेळी मला कानिफ कोण, त्याची आई कुठे बसलीय, काही काही आठवत नव्हतं. मला फक्त दाराची ती कडी आठवत होती. माझ्या मनात एकच शब्द होता. टाक म्हणा. अहो, टाक म्हणा ना.

"बहुतेक म्हणजे काय रे, गाढवा?" हे एकदम ओरडले. आवाज फाटला. "हेच शिकवलं का तुला? परमिट परत आल्याशिवाय बटणाला हात लावलास तर बघ! बस तिथे. हात मांडीखाली घेऊन बस."

ह्यांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. ह्यांचे खांदे हलत होते. मला ह्यांचा इतका राग आला, इतका राग आला की लग्नाच्या छत्तीस वर्षांत आला नसेल.

मोनिकाने तोवर स्कूटी बाहेर काढली होती. "मी जाते, बोलावून आणते त्यांना," म्हणाली आणि धूळ उडवत गेली. राहीबाई माझी पाठ चोळायला लागली.

मला घरात नेऊन बाजेवर बसवलं. मशीन पायाशी, लांब वायरने गाडीच्या सॉकेटला जोडलेलं. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, त्यावर आकडा ब्याण्णव. मग बाहेर गाडीत कसलीशी टिंग वाजली आणि माझ्या पायाशी मशीन किंचाळायला लागलं. वीज गेली की ते तसंच किंचाळतं. ह्यांनी त्याचं बटण बंद केलं आणि पिन काढून भिंतीतल्या सॉकेटात खोचून ठेवली. तिथे वीज नव्हतीच. मग नुसती शांतता. घरघर नाही.

"हळू. नाकातून. मोज माझ्याबरोबर," हे म्हणाले.

अठ्ठ्याऐंशी. त्र्याऐंशी. श्वास घेतेय पण आत काही जातच नाही. मी छपराच्या पत्र्याकडे बघत होते, तिथे एक बल्ब लोंबत होता, माशांच्या डागांनी भरलेला. त्या बल्बकडे मी जितकं पाहिलं तितकं कुठल्या देवाकडे पाहिलं नसेल. अठ्ठ्याहत्तर. हे आता आकडे वाचत नव्हते, बोटाचा चिमटा तळहाताने झाकून बसले होते. मला म्हणायचं होतं, वाचा हो, वाचत रहा, पण शब्दाला पुरेल एवढी हवा माझ्याकडे नव्हती. कडेकडेने अंधार येत होता. राहीबाई माझ्या तोंडाशी सुपाने वारा घालत पुटपुटत होती, "आली, आली, येतीया बघा." मला मैत्रेयीची गॅलरी दिसली. मला मरायचं नव्हतं. मला भयंकर भीती वाटत होती आणि दोघं एवढी जवळ असून ती कुणाला सांगता येत नव्हती.

बल्ब लागला.

ह्यांनी मशीनचं बटण दाबलं. घरघर सुरू झाली. नळीतून गार हवा आली तेव्हा मी लहान मुलासारखी रडले. हे खाली जमिनीवरच बसले होते, माझी पावलं धरून. नंतर कळलं, मी मशीनशिवाय अकरा मिनिटं होते. ह्यांनी मोजली होती. मोजणारच.

थोड्या वेळाने स्कूटीवरून मोनिका आणि तिच्यामागे कानिफनाथ आला. तिशीचा, उन्हाने रापलेला, कमरेला पट्टा. ह्यांना पाहून त्याने हात जोडले. "साहेब, तुमी? आमच्याकडं ट्रेनिंगला आल्ते तुमी एकदा."

"एक वाजता जेवायला उतरला होतास का रे?" मीच विचारलं. मला राहवेना.

"कुठलं जेवन, काकू! जंपर तुटल्याला, तारंचा जोड. दोनी हातात नागडी तार धरून वर बसल्यालो. मोनीनं खालनं बोंब मारली तवा घाईनं जोड बांधून उतरलो आन अमृतला परमिट परत दिलं." तो हसला आणि हात धुवायला गेला. त्याचा चार वर्षांचा मुलगा त्याच्या पायाला लोंबकळत गेला.

मला ह्यांच्याकडे बघवेना.

रुग्णवाहिका आली. तिच्यात ऑक्सिजन होता. मला उचलून नेणार तेवढ्यात राहीबाई म्हणाली, "थांबा वाईच. सवाशीन बाई, मोकळ्या कपाळानं कशी धाडू?" आणि कुंकवाची कोयरी घेऊन आली. ती वाकली तेव्हा मी तिला धरलं. ह्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हटलं, "राहीबाई, तेव्हा मी मनात टाक म्हणत होते. तुमचा मुलगा वर आहे हे माहीत असून."

तिने कुंकू लावलं. माझ्या नाकावर सांडलेलं पदराने पुसलं. मग उजवा हात माझ्यापुढे धरला. मनगटावर माझ्या चार नखांच्या खुणा होत्या, एकीतून रक्त आलं होतं.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "नीट जावा. पोचल्याव फोन करा."